साल आणि शाल

आमच्या ह्यांना सगळे कानवाले म्हणतात आणि मला कानवाल्यांची बहिरी. तोंडावर कोणी म्हणत नाही. पण ओठ वाचता येणाऱ्या बाईची चेष्टा करायची तर तिच्याकडे पाठ करून करावी, एवढी अक्कल लोकांना नसते. रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याचं बोलणंही मला इथून दिसतं. असो. त्याचा मला राग येत नाही, राग यायला घरातच भरपूर कारणं आहेत.

हे मुळात रेडिओ दुरुस्त करायचे. लेक दोन वर्षांची असताना मला ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. उजवा पार गेला, डाव्यात थोडी धुगधुगी राहिली. एका मोठ्या दुकानात मशीन बसवायला गेलो. तिथल्या साहेबाने माझ्या कानात काहीतरी अडकवलं आणि विचारलं, "आता येतंय ना ऐकू?" मी हसून मान डोलावली. बाहेर आल्यावर ह्यांनी वहीत लिहिलं, "खरंच येतंय?" मी म्हटलं, "कसलं काय! नुसती खरखर. पण तो बिचारा इतक्या आशेने बघत होता, नाही कसं म्हणू?" ह्यांनी कपाळावर हात मारला आणि तसेच परत आत गेले. मला वाटलं, चालले भांडायला. तर हे त्या साहेबाला विचारून आले की हे काम शिकायचं कुठे. महिन्याभरात सगळे रेडिओ खोक्यात गेले.

वर घर आणि खाली दुकान अशी आमची जागा. दुकानाच्या मागच्या खोलीत कपाटाएवढी एक पेटी आहे, आतून जाड स्पंज लावलेली. कान तपासायचा तर माणसाला त्या पेटीत बसवतात. ती पेटी ह्यांनी स्वतः ठोकून केली आणि तिच्यात पहिली बसले ती मी.

माझं मशीन तेव्हाचं. मशीन नुसतं आणून चालत नाही. ते वायरीने कॉम्प्युटरला जोडायचं आणि कुठला आवाज किती वाढवायचा, कुठला दाबायचा, हे त्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये ठरवून मशीनमध्ये भरायचं. आता माझा कान पडला तिरपागडा. जाड आवाज ठीक, बारीक जवळजवळ नाहीच. बोलण्यातला "स" आणि "श" म्हणजे नुसता बारीक वारा, तो माझ्यापर्यंत पोचायचाच नाही. मग रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी हे मला पेटीत बसवायचे, दार उघडं ठेवायचे आणि समोर स्टुलावर बसून तोंडापुढे खपटाचा तुकडा धरायचे, म्हणजे मला ओठ दिसू नयेत.

"साल."

मी म्हणायचे, "शाल."

फुली. वीस शब्दांत बारा फुल्या. मग कॉम्प्युटरवर काटा केसभर सरकवायचा आणि उद्या परत बसायचं. असं अकरा महिने! कधी मधेच खपटामागे ते काहीच बोलायचे नाहीत, नुसते थांबायचे. मी ठोकून द्यायचे, "साल!" की आणखी एक फुली. म्हणायचे, "न ऐकलेल्याचं उत्तर द्यायचं नाही. गिऱ्हाइकं हेच करतात. नापास व्हायची लाज वाटते, मग अंदाजपंचे बोलतात आणि मशीन चुकीचं लागतं." मी रडले, खपट हिसकावून फेकलं, एकदा तर दार असं आपटलं की बिजागरी मोडली. पण या माणसाने फुकटचा एक मार्क दिला नाही.

अकरा महिन्यांनी वीसपैकी वीस आले. त्याच दिवशी लेक आतून ओरडली, "आई, शी!" आणि मी पाठमोरी असताना मला ते ऐकू आलं. त्या शब्दाने इतका आनंद कुठल्या आईला झाला नसेल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. कानाचं मशीन सैल झालं की शिट्टी मारतं. फार बारीक, डोक्यात जाणारी शिट्टी असते म्हणे. घालणाऱ्याला ती ऐकू येत नाही, बाकी सगळ्यांना येते. म्हणून आमची एक खूण होती. माझी शिट्टी वाजली की हे स्वतःच्या कानाला हात लावायचे आणि मी माझं मशीन दाबून बसवायचे. डॉक्टरकडे, लेकीच्या शाळेत, चारचौघांत कुठेही. बघणाऱ्याला वाटायचं, हा गृहस्थ बायकोची सारखी माफीच मागत असतो. गेल्या वर्ष-दीड वर्षात मात्र त्यांनी कानाला हात लावला नव्हता. मी आपली खूश, म्हटलं या वेळी मशीन झकास बसलंय.

तर गेल्या महिन्यात ते मशीन बंद पडलं. ह्यांच्या ओळखीचा एक जुना कारागीर अशी मशीनं उघडतो. त्याने दुरुस्त करून पाठवलं आणि सोबत चिठ्ठी, "आतली चिप बदलावी लागली. आता चालू आहे, पण कोरी आहे. सेटिंग तुम्ही भरून घ्या."

"त्यात काय, भरू," म्हणून ह्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. बाकी गिऱ्हाइकांची मशीनं नव्या लॅपटॉपवर होतात. जुना ठेवला होता फक्त माझ्यासाठी, कारण माझ्या मशीनची कंपनी चौदा वर्षांपूर्वी बंद पडली आणि तिचा प्रोग्रॅम त्याच्यावरच चालायचा. ह्यांनी बटण दाबलं. आतून धुराची एक बारीक रेघ निघाली, जळकट वास सुटला आणि पडदा काळाच राहिला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे कॉम्प्युटरकडे बघत होते.

लेकीचा मेसेज आला, "आई, आता नवीन मशीन घे ना, किती चांगली आलीत." घेऊन पाहिली होती हो! तीन पाहिली. नवी मशीनं फार शहाणी असतात. बाईला काय ऐकवायचं ते स्वतःच ठरवतात आणि माझ्याबाबतीत तिघांनीही ठरवलं की हिला "स" आणि "श" ची काही गरज नाही. लेकीला मी एवढंच लिहिलं, "बघू."

ह्यांनी त्या प्रोग्रॅमची जुनी सीडी शोधून काढली आणि लॅपटॉपवर घालायला बसले. लॅपटॉपने सांगितलं, हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. मग "जुन्या पद्धतीने चालवा" असं काहीतरी सापडलं. तसं केल्यावर अर्धवट उघडला, अक्षरांच्या जागी नुसते चौकोन, आणि लगेच मिटला. त्यातून मशीन जोडायच्या वायरीचं टोक जुनं, नऊ टाचण्यांचं. लॅपटॉपला ते लावायला भोकच नाही. दोन दिवस हे नाकावर चष्मा आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. जेवायला बोलावलं की म्हणायचे, "हे एवढं झालं की आलो."

ते दिवस मला कसे गेले ते माझं मला माहीत. दूध उतू गेलं, ते वास आल्यावर कळलं. रस्त्यात एक गाडी माझ्या कोपराला चाटून गेली, ती आलेली कळलीच नाही. हे पाठमोरे असले की माझ्यासाठी घरात नसल्यासारखेच. मी वीस वेळा उगाच त्यांच्या खांद्याला हात लावायचे. ते दचकायचे, मग हसायचे, मग वहीत लिहायचे, "होईल गं."

शेवटी त्यांनी हात टेकले आणि दोन गल्ल्या सोडून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईला बोलावलं. चाळिशी उलटलेली, ठेंगणी, खिशाला दोन स्क्रू ड्रायव्हर. बोलते इतकी भरभर की तिचे ओठ वाचणं म्हणजे पळत्या सायकलवरची पाटी वाचणं. मी तिचं नाव भरधाव ठेवलंय. ती काय म्हणाली ते हे मला वहीत लिहून दाखवत होते.

"काका, नव्याला जुनं पचत नाही ना, मग नव्याच्या पोटातच एक जुना कॉम्प्युटर बसवते. खोटाखोटा. त्या प्रोग्रॅमला कळणारसुद्धा नाही की तो कुठे आहे."

तिने मेलेल्या कॉम्प्युटरची डिस्क काढली, दोन वायरी एकमेकींत अडकवल्या, दीड दिवस खपली. आणि मंगळवारी दुपारी लॅपटॉपवर एक छोटी खिडकी उघडली. तिच्यात तोच राखाडी पडदा, तेच जाड काटे! कोपऱ्यात तारीख मात्र चौदा वर्षांपूर्वीची. प्रोग्रॅमचा परवाना तेव्हाच संपलेला आणि वाढवून द्यायला कंपनी उरली नाही, म्हणून तारीख मागे ठेवली तरच तो उघडतो. त्या खिडकीपुरती आमची लेक अजून शाळेत होती. गिऱ्हाइकांच्या यादीत पहिला क्रमांक माझा. त्यावर बोट ठेवल्यावर माझ्या कानाची रेघ आणि अकरा महिन्यांची सगळी सेटिंग समोर आली. मला रडूच कोसळलं.

भरधावने जाताना ह्यांना बजावलं, "डिस्क मरायला टेकलीय, एकदाच कसंबसं सगळं उचललंय. गुरुवारी येऊन याची नक्कल काढते. तोवर काही पुसू नका. पुसलं तर परत मिळायचं नाही." ह्यांनी ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मशीन जोडलं, सेटिंग भरली. ह्यांच्याकडे डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी एक वस्तू आहे, ती मशीनला लावून स्वतःच्या कानाने आवाज तपासतात. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि अंगठा वर केला. मी मशीन घातलं.

आवाज आला. पण कसा? तोंडात कापूस कोंबून बोलल्यासारखा. हे म्हणाले, "साल." मी म्हटलं, "शाल." हे म्हणाले, "शाल." मी म्हटलं, "काय?" वीसपैकी सात.

बुधवारी तीनदा सेटिंग भरली. तीनदा स्टेथो लावून ऐकली. तिन्ही वेळा अंगठा वर आणि तिन्ही वेळा माझ्या कानात कापूस. दुपारी भाजी आणायला गेले तर सायकलवाला माझ्याकडे बघून तोंड वेंगाडून हसला. त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

गुरुवारी सकाळी ह्यांनी ठरवून टाकलं. "अगं, मशीन चांगलं आहे. मी कानाने तपासलंय. म्हणजे बिघाड त्या सेटिंगमध्ये आहे. जुन्यातून नव्यात आणताना फाईल नासली. हे सगळं पुसतो आणि पहिल्यापासून नवीन लावतो."

मी उडालेच. "पुसता? अकरा महिने आहेत त्यात! आणि ती येणार आहे ना आज?"

"नासलेल्याची नक्कल काढून काय करायचंय? ती खिडकी किती दिवस चालेल ते तरी कुठे ठाऊक आहे! आज चालतेय तोवर लावून घेऊ."

"परत नाही जमलं तर?"

"जमेल."

"मी साठीला आलेय हो. तेव्हा तिशीतली होते. आता नाही माझ्याने शिकवणार या कानाला!"

मी ओरडत असणार, कारण त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं. मग माझ्यासमोर बसले, माझे दोन्ही हात धरले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "माझ्या कानांवर विश्वास आहे ना तुझा?"

"तुमच्याच कानांवर तर जगतेय," मी म्हटलं.

पडद्यावर प्रश्न आला, क्रमांक एकची सेटिंग पुसायची का. हो. नाही. ह्यांनी बाण "हो" वर नेला. बोट उचललेलं आणि तेवढ्यात दार उघडून भरधाव आत आली. हातात डिस्कचा डबा. उंबरा ओलांडला आणि तिने डबा काखेत मारून दोन्ही हात कानांवर दाबले. तोंड कडू झाल्यासारखं. ती काहीतरी म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचा एक शब्द मला स्वच्छ दिसला.

"शिट्टी!"

माझा हात आपोआप माझ्या कानाकडे गेला. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांचा हात माऊसवरच होता. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "कुठली शिट्टी?"

भरधाव हसली. तिला वाटलं, काका गंमत करतायत. मी नाही हसले. मशीन कानातून काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते फिरवून बघितलं, मशीनपासून कानात बसणाऱ्या साच्यापर्यंत जाणाऱ्या पारदर्शक नळीवर एका जागी बोट दाबलं, सोडलं, परत दाबलं. वळणावर चीर होती, केसाएवढी. मशीन दुरुस्तीला उघडताना गेली असणार. त्या चिरेतून आवाज बाहेर सांडत होता, परत आत शिरत होता, आणि तीन दिवस मी गल्लीभर शिट्टी मारत हिंडत होते. शिट्टी सुरू असली की मशीन गुदमरतं आणि बोलणं चिखल होतं, हे तर दुकानात शिकायला येणाऱ्यालाही पहिल्या आठवड्यात कळतं. खिडकीतलं सगळं जसंच्या तसं होतं. सेटिंगचा एक काटा हललेला नव्हता.

ह्यांनी खणातून नवी नळी काढली, कापली, बसवली. पाच मिनिटांचं काम. मी मशीन घातलं, त्यांनी खपट घेतलं. साल. शाल. शाल. साल. वीसपैकी वीस. मागे भरधाव नक्कल काढत होती, तिच्या चपलेची करकरसुद्धा मला ऐकू येत होती. मला नाचायला हवं होतं. मी खुर्चीला खिळून बसले होते.

भरधाव गेली. मी दार लावलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"उगाच कानांवर हात ठेवू नका माझ्यापुढे."

ते लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "दाराची बेल जाऊन वर्ष झालं. आधी वाटलं सर्दी असेल. मग वाटलं बेलच बिघडली. बदलली, आठवतं?" मला आठवत होतं. "मग विचार करायचाच सोडून दिला."

"पेटी दहा पावलांवर आहे आपल्याकडे! जगाचे कान तपासता आणि..."

"पेटीत बसलो असतो तर आकडा आला असता," ते म्हणाले. "आकडा आला असता तर खरं झालं असतं."

"दुकानाची भीती वाटली?"

"दुकानाचं काय गं. ते होईल बंद आज ना उद्या. तुझं मशीन कोण लावणार?"

मला इतका राग आला, इतकं भरून आलं की दोन्हीतलं नेमकं काय आधी ते कळेना. वर्षभर मी शिट्टी मारत असेन आणि हा माणूस माझ्याकडे बघून छान हसत असेल. आणि मी मशीन झकास बसलंय म्हणून खूश! अकरा महिन्यांचं काम आज एका बोटावर होतं आणि ते बोट ऐकू न येणाऱ्या माणसाचं होतं. हे सगळं त्यांना सुनवायला मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चला. बसा आत."

"आत्ता?"

"आत्ता."

ते पेटीत बसले. बावीस वर्षांत त्यांना आत बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते. गुडघे दाराला लागत होते, हात मांडीवर, शाळेत बसवल्यासारखे. लॅपटॉपवर ती खिडकी उघडीच होती. यादीच्या शेवटी मी नवीन गिऱ्हाईक उघडलं, क्रमांक चारशे बारा. तारीख प्रोग्रॅमने आपली आपण भरली, चौदा वर्षांपूर्वीची. मी ती बदलायला गेले नाही.

स्टुलावर बसले आणि खपट तोंडापुढे धरलं. कडा त्यांच्या बोटांनी गुळगुळीत झालेल्या.

"शाल."

"साल," ते म्हणाले.

फुली.

"साल."

"साल." हे बरोबर.

"शाल."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून काही सापडतंय का ते पाहिलं. "साल."

फुली. पुढे फुली. मग एक बरोबर, मग परत दोन फुल्या. खपटाच्या वरून मला त्यांचं कपाळ दिसत होतं, घाम आलेलं. तेराव्या शब्दाला मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. खपटामागे मी नुसती ओठ मिटून बसले. खोलीत कसलाच आवाज नव्हता आणि आता मला ते नक्की ऐकू येत होतं.

ते वाट बघत होते. पुढे वाकले. भुवया वर गेल्या. मग, त्या मोठ्या दुकानात मी हसले होते तसं थोडं हसून, ते म्हणाले, "शाल."

पेन माझ्या हातात होतं. खूण कुठली करायची याचा मी क्षणभर विचार केला. त्यांनी मला कधी फुकटचा मार्क दिला नव्हता.

मी फुली मारली.